‘डिसेंबर, १९६३’: पहिला नंबर नक्की कुणाच्या आवाजावर आला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. फोर सीझन्स या अमेरिकन ग्रुपचं ‘डिसेंबर, १९६३’ तुम्ही आजवर १९६३ चंच गाणं समजत होतात. आता कळलं की ते आलं १९७५ च्या अगदी शेवटी आणि अमेरिकेत पहिल्या नंबरावर गेलं १९७६ मध्ये. एकीकडे ‘तीन आठवडे’ लिहिलेलं सापडलं, दुसरीकडे ‘दोन आठवडे’, तिसरीकडे थेट ‘चौपन्न आठवडे’. यातलं खरं कुठलं? आणि बारा वर्षं पहिला नंबर न पाहिलेल्या ग्रुपला मुख्य गायक फ्रँकी व्हॅलीच्या त्या प्रसिद्ध उंच आवाजानेच परत वर आणलं ना?

आकड्यांचं सोपं आहे, ते आधी संपवतो. आवाजाचं मात्र तुम्ही समजताय त्याच्या जवळपास उलट आहे.

मी कुठून बोलतोय तेही सांगतो, म्हणजे माझं किती मनावर घ्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी न्यू जर्सीत एडिसनला राहतो आणि पंचवीसेक वर्षं लग्नांत डीजेचं काम करतोय. सुरुवात मंडळाच्या गणपतीत स्पीकर उचलण्यापासून झाली. मग आपल्या लोकांची लग्नं मिळायला लागली. मग नवरी कुलकर्णी आणि नवरा इटालियन अशी. फोर सीझन्स हा याच राज्यातला ग्रुप, नावसुद्धा इथल्याच युनियन गावच्या एका बोलिंग अ‍ॅलीच्या लाउंजवरून घेतलेलं. तिथे त्यांची ऑडिशन फसली, पण निदान नाव तरी पदरात पडलं. इटालियन घरातलं लग्न असेल तर ‘ओ, व्हॉट अ नाईट’ची, म्हणजे याच गाण्याची, फर्माईश येतेच. तेव्हा माझं ज्ञान संगीतशास्त्राचं नाही. कुठल्या सेकंदाला माणसं खुर्च्यांतून उठतात, एवढंच मी इतकी वर्षं बघत आलोय.

आता आकडे. तिन्ही खरे आहेत. तीन आठवडे म्हणजे अमेरिकेत बिलबोर्ड या संगीत-नियतकालिकाच्या ‘हॉट हंड्रेड’ यादीत पहिल्या नंबरावर काढलेले, १३ मार्च १९७६ च्या अंकापासून. दोन आठवडे म्हणजे ब्रिटनच्या यादीत पहिला नंबर, त्याच वर्षी फेब्रुवारीच्या उत्तरार्धात. हा त्यांचा तिथला एकमेव पहिला नंबर. ‘शेरी’ नाही, ‘रॅग डॉल’ नाही, हेच. आणि चौपन्न म्हणजे हॉट हंड्रेडमध्ये कुठल्याही क्रमांकावर काढलेले एकूण आठवडे: सत्तावीस १९७६ च्या फेरीत आणि सत्तावीस अठरा वर्षांनी. त्या दुसऱ्या फेरीकडे मग येतो. ‘सर्वोच्च क्रमांक’, ‘पहिल्या क्रमांकावरचे आठवडे’ आणि ‘यादीतले आठवडे’ ही तीन वेगळी मापं आहेत, आणि लोक कौतुकाच्या भरात ती एकाच ताटात वाढतात.

शिवाय दोन्ही देशांतली मोजायची पद्धतच वेगळी होती. ब्रिटनमध्ये तेव्हा फक्त विक्री मोजायचे. ठरावीक दुकानं आठवड्याची नोंदवही पाठवायची आणि त्यावरून यादी बनायची. अमेरिकेत विक्रीच्या जोडीला रेडिओ धरायचे. स्टेशनं आपण काय वाजवतोय त्याच्या याद्या पाठवायची, दुकानदार काय खपतंय त्याचा क्रम कळवायचे, आणि दोन्ही मिळून गुण. क्रम कळवायचे म्हणतोय मी, नग नव्हे. ‘हे पहिलं, हे दुसरं’ एवढंच. म्हणजे १९७६ चा अमेरिकेतला पहिला नंबर हा बराचसा माणसांनी माणसांना सांगितलेल्या गोष्टींचा निकाल होता. खोटा नव्हे, पण तराजूत तोललेलाही नव्हे.

आता आवाज.

साठच्या दशकातलं त्यांचं कुठलंही गाजलेलं गाणं लावा. ‘शेरी’ किंवा ‘बिग गर्ल्स डोन्ट क्राय’, दोन्ही १९६२ ची, दोन्ही पाच-पाच आठवडे पहिली. त्यात व्हॅली छातीचा आवाज सोडून वरच्या पातळ, धारदार आवाजात गातो. त्याला फॉल्सेटो म्हणतात. तो आवाज हीच त्या ग्रुपची पाटी होती. मग १९६३ मध्ये ‘वॉक लाईक अ मॅन’ आणि १९६४ च्या उन्हाळ्यात ‘रॅग डॉल’, असे चार पहिले नंबर. त्यातला शेवटचा तर बीटल्सच्या लाटेत मिळवलेला.

आता ‘डिसेंबर, १९६३’ कानाला हेडफोन लावून ऐका. कडवी गाणारा माणूस व्हॅली नाही. तो आहे जेरी पोल्ची, ग्रुपचा ड्रमर. साधा, मोकळा, किंचित खरखरीत आवाज, मित्राने मित्राला गोष्ट सांगावी तसा. मधल्या भागात चाल वळते तेव्हा व्हॅली येतो, गातो आणि मागे सरतो. आणि ज्या उंच ओळी ऐकून तुम्हाला ‘हा तो व्हॅलीचा फॉल्सेटो’ वाटतं, त्या गातोय बास वाजवणारा डॉन सिकोनी! तुमची चूक नाही. मीही पहिली सात-आठ वर्षं माइकवरून ‘आता ऐका फ्रँकी व्हॅलीला’ असं सांगून हेच गाणं लावत होतो. एका म्हाताऱ्या पाहुण्याने बाजूला घेऊन मला सुधारलं.

आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर शाहीर झीलकऱ्यांच्या रांगेत जाऊन उभा राहिला आणि ढोलकीवाल्याने पोवाडा धरला. हे ज्याने जुळवून आणलं तो बॉब गॉडियो, ‘शेरी’ लिहिणारा. गॉडियो आणि व्हॅली यांची सुरुवातीपासून हातात हात देऊन ठरलेली अर्ध्या-अर्ध्याची भागीदारी होती, कागद न करता. फोर सीझन्स म्हणजे चार गळे नव्हेतच, ही दोघांची पेढी आहे, असं धरलं की पुढचं सगळं समजतं. मूळ चौघांतला निक मासी १९६५ मध्ये बाहेर पडला, टॉमी डेव्हिटो १९७० मध्ये. गॉडियोने स्वतः पुढे रंगमंच सोडला आणि लेखन-निर्मिती तेवढी हातात ठेवली. पेढी चालूच राहिली.

सत्तरच्या दशकाची सुरुवात वाईट गेली. मोटाउन या रेकॉर्ड कंपनीकडे गेले, तिथे फारसं काही हाती लागलं नाही. तिथे रेकॉर्ड केलेलं ‘माय आइज अडोर्ड यू’ कंपनीने बाहेरच काढलं नाही. व्हॅलीने ते चार हजार डॉलर मोजून सोडवून घेतलं, दुसऱ्या छोट्या लेबलवर स्वतःच्या नावाने काढलं, आणि मार्च १९७५ मध्ये ते पहिल्या नंबरावर गेलं. म्हणजे व्हॅली एकटा चालत होता. मग ग्रुपने वेगळं काय द्यायचं? माझा अंदाज असा की गॉडियोने इथेच डोकं चालवलं. व्हॅलीचा आवाज व्हॅलीच्या नावाने विकला जातोय, तर ग्रुप म्हणून जे विकायचं ते वेगळं ऐकू आलं पाहिजे. नव्या दमाची मंडळी घेतली. पोल्ची आणि सिकोनीबरोबर कीबोर्डवर ली शापिरो, गिटारवर जॉन पायव्हा. वॉर्नर-कर्ब लेबलवर ‘हू लव्ह्ज यू’ काढलं. ते १९७५ मध्ये तिसऱ्या नंबरापर्यंत गेलं. ग्रुपच्या नावावर पहिल्या दहात गाणं यायला १९६७ नंतर इतका वेळ लागला होता. त्याच नावाच्या अल्बममधलं पुढचं गाणं म्हणजे ‘डिसेंबर, १९६३’.

आणखी एक गोष्ट होती, आणि ती धंद्याची नाही. व्हॅलीला ओटोस्क्लेरोसिस होता. कानातली हाडं घट्ट होत जाऊन ऐकू येणं कमी होतं तो आजार. साठच्या दशकाच्या शेवटी सुरू झालेला, १९८० च्या सुमारास शस्त्रक्रियेने सुधारला. मधली वर्षं त्याने अर्धवट कानांवर काढली. मुख्य गाण्याचा भार वाटून घ्यावासा वाटण्यात याचा हात किती आणि हिशेबाचा किती, हे बाहेरून कुणी सांगू नये. पण असा माणूस तीन मिनिटांच्या गाण्यात आपली जागा दोन तुकड्यांची करून घेतो, यात मला मोठेपणा दिसतो.

तुम्हाला वाटेल हा एखाद-दुसरा अपवाद असेल. तर हे बघा: १३ मार्चला ज्या गाण्याला खाली ढकलून ‘डिसेंबर, १९६३’ वर बसलं ते होतं मिरॅकल्सचं ‘लव्ह मशीन’. तेही साठच्या दशकातलं गाणारं टोळकं, आणि त्यांचाही जगप्रसिद्ध आवाज, स्मोकी रॉबिन्सन, १९७२ मध्येच सोडून गेलेला. बिली ग्रिफिनच्या गळ्यावर ते पहिल्या नंबरावर आले होते. म्हणजे लागोपाठच्या आठवड्यांत दोन जुने ग्रुप पहिल्या नंबरावर, आणि दोघांच्याही गाण्यात आघाडीला तो आवाज नाही ज्याच्यासाठी लोक त्यांना ओळखत. त्यांच्यानंतर आलेलं गाणं जॉनी टेलरचं ‘डिस्को लेडी’. यावरून तेव्हा वारा कुठल्या दिशेला होता ते कळतं. डिस्कोत आधी ठेका, मग बास, गळा त्यानंतर. फॉल्सेटोवर उभा असलेला १९६२ चा साचा तिथे तसाच्या तसा चालला नसता.

आता माझ्या टेबलाकडून. या गाण्यात धृपद असं वेगळं काढून दाखवता येत नाही. जी ओळ लोकांच्या तोंडात बसते तीच प्रत्येक कडव्याची पहिली ओळ आहे. आधी ड्रम, मग पियानो आणि बास मिळून तो वर-खाली होणारा तुकडा वाजवतात, आणि गाणारा तोंड उघडतो तोच त्या ओळीने. वाट बघायला लावतच नाही. वेग मिनिटाला एकशेचार-पाच ठोक्यांचा. म्हणजे पासष्टीच्या काकूंना झेपेल आणि पंचविशीच्या पोराला झोप येणार नाही असा. माझ्या कामात हा पट्टा सोन्याचा. एकशेवीसच्या पुढे गेलं की आजी-आजोबा बसतात, नव्वदच्या खाली आलं की पोरं बारकडे वळतात.

इथे एक फजिती सांगतो, कारण ती तुमच्या प्रश्नालाच धरून आहे. बारा-तेरा वर्षांपूर्वी एका लग्नात फर्माईश आली, मी लॅपटॉपवर नाव टाइप केलं आणि समोर आलेली पहिली फाईल सोडली. ठेका सुरू झाला, लोक उठले, वराची आई दोन्ही हात वर करून मैदानात आली. आणि गाणारा सुरू झाला फ्रेंचमध्ये! क्लोद फ्राँस्वाने १९७६ मध्येच याची फ्रेंच आवृत्ती गायली होती, आणि मी कधीतरी ती चुकीच्या नावाने जतन करून ठेवली होती. दोन सेकंद सगळे थबकले. मग हसले. आणि नाचत राहिले. मी घाबरून मूळ गाण्याकडे वळवलं, पण खरं तर गरज नव्हती. त्या रात्री घरी गाडी चालवताना डोक्यात आलं की अरे, माणसं तर गाणारा येण्याआधीच उठलेली होती. आवाज कुणाचा, भाषा कुठली, हे त्यांनी नंतर ठरवलं.

शब्दांचीही एक गंमत आहे. गॉडियोचं मूळ गाणं १९६३ बद्दल नव्हतंच. ते १९३३ बद्दल होतं. ५ डिसेंबर १९३३ ला अमेरिकेतली दारूबंदी उठली, त्या रात्रीचा जल्लोष. व्हॅलीला आणि सहलेखिका ज्युडी पार्करला, म्हणजे पुढे गॉडियोची बायको झाली ती, हे पटेना. मग चाल तीच ठेवून तीस वर्षं पुढे सरकवली आणि एका तरुणाच्या पहिल्या रात्रीची आठवण केली. आता हिशेब करा. १९७६ मध्ये रेकॉर्ड विकत घेणारा तिशीतला माणूस १९६३ मध्ये सतरा-अठरा वर्षांचा होता. शिवाय १९६३ हे याच ग्रुपच्या ऐन भराचं वर्ष. म्हणजे गाण्याच्या नावातच ‘आम्ही तुमच्या कॉलेजच्या दिवसांतले’ हे सांगून झालं, आणि वाद्यं मात्र यंदाची. जुन्या ग्रुपने जुनाच आवाज काढला असता तर ते स्मरणरंजनाचे कार्यक्रम झाले असते. नुसतं नवं काढलं असतं तर ‘हे कोण?’ झालं असतं. जुनी तारीख आणि नवा ठेका ही जोडी जमली. १९३३ ठेवलं असतं तर पहिला नंबर आला असता का? माझं मत, नसता आला.

पण हे सगळं नंतर सुचलेलं शहाणपण आहे, हेही कबूल करतो. त्याच साच्यातलं पुढचं गाणं बघा, ‘सिल्व्हर स्टार’. तेच वर्ष, तोच अल्बम, आघाडीला पुन्हा पोल्ची. ब्रिटनमध्ये तिसरं आलं, अमेरिकेत अडतिसाव्या नंबरावर अडकलं. कृती तीच, भांडं तेच, पण पदार्थ तसा उतरला नाही. त्यामुळे ‘मुख्य गायक मागे ठेवा, यश मिळेल’ असा निष्कर्ष काढून कुणी ग्रुप चालवायला जाऊ नये. व्हॅलीही काही कायमचा मागे राहिला नाही. दोनच वर्षांत, १९७८ मध्ये, ‘ग्रीस’ घेऊन तो एकटा पुन्हा पहिल्या नंबरावर होता.

इथवरचं एका दमात सांगायचं तर पहिला नंबर चाल, ठेका आणि तारखेने आणला. नावाने दार उघडलं. आवाज तिघांनी वाटून घेतला.

राहिला चौपन्नचा दुसरा अर्धा भाग. १९८८ मध्ये बेन लीब्रांड या डच डीजेने याचं रीमिक्स केलं. सुरुवात लांबवली, ढोलांना नवं वजन दिलं, म्हणजे आमच्यासारख्यांना आधीच्या गाण्यातून यात शिरायला जागा मिळाली. अमेरिकेत ते १९९४ मध्ये यादीत आलं, चौदाव्या नंबरापर्यंत चढलं, पण सत्तावीस आठवडे हललं नाही. गाणं तेच म्हणून बिलबोर्डने आठवडे जुन्या खात्यात जमा केले. चौपन्न झाले, आणि तोवर इतके आठवडे कुठल्याही गाण्याच्या नावावर नव्हते. पुढे तो विक्रम मागे पडला; ‘माकारेना’ने तर साठ केले.

पण इथे मोजपट्टी बदललेली होती हे विसरू नका. १९९१ च्या नोव्हेंबरच्या अखेरीपासून हॉट हंड्रेडमध्ये दुकानांच्या गल्ल्यावर स्कॅन झालेली खरी विक्री आणि यंत्राने टिपलेलं रेडिओचं वादन धरायला लागले. जुन्या पद्धतीत दुकानदार आणि रेडिओवाले कंटाळले की गाणं यादीतून उतरायचं. यंत्र कंटाळत नाही. लोक खरोखर ऐकत असतील तोवर ते मोजत राहतं, आणि नव्वदीत एकूणच गाणी यादीत जास्त दिवस मुक्काम करू लागली. म्हणून ‘१९७६ चे सत्तावीस’ आणि ‘१९९४ चे सत्तावीस’ यांची बेरीज करता येते, पण दोन्हींची किंमत सारखी धरू नये. १९७६ मध्ये सत्तावीस आठवडे टिकणं जास्त अवघड होतं, असं मी म्हणेन.

त्यानंतरचं तुम्ही बहुधा ऐकलेलं असेल. २००० मध्ये यानिक या फ्रेंच रॅपरने क्लोद फ्राँस्वाच्या आवृत्तीवर रॅप केलं आणि ते फ्रान्समध्ये पहिलं आलं. २००५ मध्ये ब्रॉडवेवर या ग्रुपच्या आयुष्यावरचं ‘जर्सी बॉईज’ आलं, त्याचा पडदा उघडतो तो नेमका याच फ्रेंच रॅपवर. मी ते नाटक बायकोबरोबर पाहिलं. माझ्या त्या फजितीनंतर पाहिलं असल्यामुळे पहिल्याच मिनिटाला मला इतकं हसू आलं की पुढच्या रांगेतल्या बाईंनी वळून पाहिलं.

तुम्ही विचारलंय की तुमच्याकडची फाईल मूळ की रीमिक्स हे कसं ओळखायचं. लीब्रांडचं असेल तर सुरुवातीला नुसता ठेकाच बराच वेळ चालतो, पियानो उशिरा येतो. मूळ गाण्यात ड्रमचे थोडेसे ठोके की लगेच पियानो-बास. मूळ मिळालं की हेडफोन लावून फक्त माणसं मोजत बसा. पहिली दोन कडवी पोल्ची. मग चाल वळते तिथे, ती खोलीत आल्याचं सांगताना, व्हॅली. तिसरं कडवं पुन्हा पोल्चीचं, त्याच्या शेपटाला विजेच्या गडगडाटाची उपमा येते ती उंच ओळ सिकोनीची. दुसऱ्यांदा व्हॅली येईल तेव्हा त्याच्या मागचा कोरस थोडा वेळ विसरून नुसता त्याचा आवाज धरून ठेवा. तो अजिबात वर जात नाही.